‘डीप थ्रोट’चा हिशेब अजून पुरता जुळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीपासून सुरू झालेल्या आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना १९७४ मध्ये राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख रंजक आहे, पण त्यातल्या दोन विधानांबद्दल लिहिणे भाग आहे. पहिले विधान असे, की ‘डीप थ्रोट’, म्हणजे ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बातमीदार बॉब वुडवर्ड यांचे गुप्त सूत्र, कोण याबद्दलची सगळी शंका ३१ मे २००५ रोजी कायमची मिटली. दुसरे असे, की ‘पैशाचा माग काढा’ हा सल्ला त्याने वुडवर्डना अंधाऱ्या गॅरेजमध्ये दिला. दुसऱ्या विधानाचा निकाल सोपा आहे. हे वाक्य वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी कार्ल बर्नस्टीन यांच्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ या १९७४ च्या पुस्तकात नाही. ते आले त्यावरच्या १९७६ च्या चित्रपटात, पटकथाकार विल्यम गोल्डमन यांच्या लेखणीतून. पडद्यावर हॅल होलब्रुक यांनी ते इतक्या रुबाबात म्हटले, की जगभरच्या बातमीदारांनी ते इतिहास म्हणून उचलले.

पहिल्या विधानाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

आधी जे पक्के आहे ते मान्य करू. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात वकील जॉन ओकॉनर यांच्या लेखातून डब्ल्यू. मार्क फेल्ट यांनी आपणच तो माणूस असल्याचे सांगितले, आणि त्याच दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने, म्हणजे बॉब वुडवर्ड, कार्ल बर्नस्टीन आणि माजी संपादक बेन ब्रॅडली यांनी, त्याला दुजोरा दिला. फेल्ट हे एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. २ मे १९७२ रोजी एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर वारले, दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी एल. पॅट्रिक ग्रे या बाहेरच्या माणसाला हंगामी संचालक नेमले आणि फेल्ट यांची खुर्ची हुकली. १७ जूनला वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले, तेव्हा तपासाचा रोजचा कागद फेल्ट यांच्या टेबलावरून जात होता. माहिती, संधी आणि राग, तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या.

याहून मोठा पुरावा व्हाइट हाउसच्या स्वतःच्याच टेपवर आहे. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हॉल्डमन यांनी निक्सन यांना सांगितले, की एफबीआयमधून माहिती बाहेर जाते आहे आणि ती फेल्ट फोडतात. तो असे का करील, असे निक्सन यांनी विचारले. त्याला वरची जागा हवी आहे, असे उत्तर मिळाले. हात लावला तर तो सगळेच बाहेर काढील, हेही हॉल्डमन यांनी बजावले. सगळा देश पुढे ३३ वर्षे जे ओळखत बसला, ते ज्याच्याविरुद्ध कारस्थान चालले होते त्याला चार महिन्यांत कळले होते! तेव्हा फेल्ट वुडवर्ड यांचे सूत्र होते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ‘फेल्ट हे सूत्र होते’ आणि ‘पुस्तकात डीप थ्रोटच्या तोंडी असलेला शब्द न् शब्द फेल्ट यांचा आहे’ ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. पहिल्याला भक्कम पुरावा आहे. दुसऱ्याला नाही, आणि २००५ च्या धांदलीत पहिल्याच्या पुराव्यावर दुसरेही खपून गेले.

हे तपासण्याची रीत अगदी साधी आहे. कोऱ्या कागदावर चार रकाने पाडावेत. पहिल्यात भेटीची किंवा फोनची तारीख. दुसऱ्यात त्या वेळी सांगितलेली माहिती, एका ओळीत एकच गोष्ट. तिसऱ्यात ती गोष्ट त्या दिवशी कोणाकोणाला ठाऊक असू शकत होती. चौथ्यात फेल्ट त्या दिवशी कोणत्या पदावर होते आणि ती माहिती त्यांच्यापर्यंत यायची वाट कोणती. बहुतेक शोधकर्त्यांची चूक तिसऱ्या रकान्यात होते. माहिती छापून आल्यावर ती सर्वांचीच होते, म्हणून तिसरा रकाना बातमीच्या तारखेवरून भरायचा नसतो, भेटीच्या तारखेवरून भरायचा असतो. दोन तारखांमध्ये चोवीस तासांचा फरक असला तरी संशयितांची यादी पार बदलते.

या रकान्यांत सुरुवातीच्या नोंदी बिनतक्रार बसतात. जून १९७२ च्या तिसऱ्या आठवड्यात, चोरांच्या पत्त्यांच्या वह्यांत नाव सापडलेला, व्हाइट हाउससाठी काम करणारा माजी सीआयए अधिकारी ई. हॉवर्ड हंट हा प्रमुख संशयित आहे, एवढे फेल्ट यांनी वुडवर्डना फोनवर सांगितले. हे एफबीआयच्या तपासातूनच कळणार होते आणि फेल्ट त्या तपासाच्या वरच बसले होते. ओळख पूर्वीची: वुडवर्ड नौदलात लेफ्टनंट असताना कागदपत्रे पोचवायला व्हाइट हाउसमध्ये जात, तिथल्या बाकावर दोघांची गाठ पडली होती. इथे शंकेला जागा नाही.

ऑक्टोबर १९७२ पासून खाचखळगे लागतात. ९ ऑक्टोबरच्या पहाटेची गॅरेजमधली भेट ही सर्वांत महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवशी पोस्टने छापलेली बातमी, म्हणजे वॉटरगेट हा एका मोठ्या हेरगिरी-घातपात मोहिमेचा तुकडा आहे ही बातमी, बरीचशी तिच्यावर उभी आहे. त्या भेटीत डीप थ्रोटने सांगितले, की अशा कामांवर पन्नास माणसे होती. बातमीतही हा पन्नासचा आकडा आला, आणि तो एफबीआयच्या निष्कर्षाच्या नावावर आला. पुढच्या तपासात निक्सन यांच्या प्रचारासाठी असे उद्योग करणारा डोनाल्ड सेग्रेटी आणि त्याचे हस्तक सापडले, खोटी पत्रे आणि खोड्या सापडल्या, पण पन्नास जणांचे ते जाळे त्या रूपात कधी सिद्ध झाले नाही. आता चौथा रकाना बघा. एफबीआयच्या फायलीत काय आहे आणि काय नाही हे ज्याला सर्वांत नीट ठाऊक, तोच माणूस एफबीआयच्या नावावर न ठरणारा आकडा कसा देतो? इतिहासकार मॅक्स हॉलंड यांनी २०१२ मध्ये याचे उत्तर असे मांडले, की फेल्ट यांना सत्यापेक्षा ग्रे यांची नाचक्की हवी होती; एफबीआयमधून माहिती फुटते आहे आणि ग्रे यांना ते आवरत नाही, हे निक्सनना दिसावे एवढाच हेतू. हे उत्तर पटण्याजोगे आहे. फक्त ते मान्य केले की ‘लोकशाही वाचवणारा निःस्वार्थ अधिकारी’ ही आपल्या लेखातली प्रतिमा सोडावी लागते. हॉलंड यांच्या मते फेल्ट ‘टाइम’ साप्ताहिकाचे बातमीदार सँडी स्मिथ यांनाही माहिती पुरवत होते. म्हणजे पोस्ट हे त्यांचे एकमेव दुकान नव्हते.

सगळ्यात अवघड ओळ नोव्हेंबर १९७३ ची आहे. पुस्तकानुसार त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वुडवर्ड यांनी बाल्कनीतली कुंडी हलवली (ही भेट मागण्याची खूण; तिच्याबद्दल पुढे), गॅरेज गाठले आणि डीप थ्रोटने एक छोटासा निरोप दिला: एक किंवा अधिक टेपमधला मजकूर मुद्दाम पुसलेला आहे. आता तारखा मांडू. फेल्ट २२ जून १९७३ रोजी एफबीआयमधून निवृत्त झाले. व्हाइट हाउसमध्ये गुप्त ध्वनिमुद्रण यंत्रणा आहे, हे अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेटच्या समितीसमोर उघड केले १६ जुलैला, म्हणजे फेल्ट घरी बसल्यावर २४ दिवसांनी. २० जून १९७२ च्या टेपवरची साडेअठरा मिनिटांची पोकळी न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या न्यायालयात सांगितली गेली २१ नोव्हेंबर १९७३ ला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती कोणाला ठाऊक होती? निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी आपल्या हातून टेपचा थोडा भाग पुसला गेल्याचे १ ऑक्टोबरला निक्सन यांना सांगितले होते. त्यामुळे स्वतः निक्सन, वुड्स आणि अगदी जवळची मोजकी माणसे, एवढीच यादी होते. निवृत्त एफबीआय अधिकारी तिच्यात कुठून येणार?

फेल्ट यांच्या बाजूने जे म्हणता येते तेही इथे मांडले पाहिजे. ३१ ऑक्टोबरला व्हाइट हाउसने न्यायालयात सांगितले होते, की मागितलेल्या नऊ संभाषणांपैकी दोन मुद्रितच झालेली नाहीत. वॉशिंग्टनमध्ये त्यानंतर टेपबद्दल कुजबुज होणारच. आयुष्यभर तपासकाम केलेल्या माणसाने त्यावरून ‘पुसले असणार’ असा तर्क केला, तर नवल नाही. शिवाय जुने सहकारी नोकरीत होतेच. पण मग तो तर्क झाला, माहिती झाली नाही. आणि पुस्तक तो ठाम माहिती म्हणून देते. त्यातला ‘मुद्दाम’ हा शब्द तर आणखी जड आहे. पुसणे एका सलग चुकीतून झालेले नाही, किमान पाच वेगवेगळ्या वेळा झाले आहे, असे ध्वनितज्ज्ञांच्या मंडळाने सांगितले जानेवारी १९७४ मध्ये. तोपर्यंत ते शास्त्रीयदृष्ट्या कोणीच ठामपणे म्हणू शकत नव्हते. तर्क बरोबर निघाला, हे त्याच्या उगमाचे प्रमाण होत नाही.

बातमीच्या दृष्टीने एक गोष्ट पोस्टच्या बाजूची आहे. हा निरोप जसाच्या तसा छापला गेला नाही. बर्नस्टीन यांनी व्हाइट हाउसमधल्या चार जणांकडून टेपचा दर्जा वाईट आहे, मध्ये पोकळ्या आहेत, याची खातरजमा केली आणि मग बातमी गेली. म्हणजे ती बातमी त्या चार जणांवर उभी आहे, गॅरेजवर नाही. वॉटरगेटबद्दल लिहिताना हा भाग हमखास गाळला जातो, कारण चार फोनना गॅरेजची सर येत नाही.

याच ओळीला जोडून खुणांचा प्रश्न येतो. पुस्तकातली रीत अशी: वुडवर्ड यांना भेट हवी असली, की ते सहाव्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीत लाल झेंडी खोचलेली कुंडी मागे सरकवत. डीप थ्रोटला भेट हवी असली, की सकाळी दारात येणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पान २० वर पृष्ठांकाभोवती वर्तुळ असे आणि खाली घड्याळाचे काटे काढलेले असत. भेट पहाटे दोनच्या सुमारास, पोटोमॅक नदीपलीकडे रॉसलिनमधल्या एका इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळावर.

१९९३ मध्ये एड्रियन हॅव्हिल या लेखकाने वुडवर्ड राहत होते त्या इमारतीत जाऊन पाहणी केली. त्याचे दोन आक्षेप होते. बाल्कनी रस्त्याकडे नाही, आतल्या चौकाकडे आहे; जाता-येता गाडीतून ती दिसणार नाही. आणि वर्तमानपत्रे दाराशी टाकली जात नसत, खाली गठ्ठ्याने ठेवली जात. मग नेमक्या वुडवर्ड यांच्या अंकावर खूण कशी करणार? दुसऱ्या आक्षेपाला वुडवर्ड यांनी जून २००५ मध्ये पुरेसे उत्तर दिले: अंक लॉबीत असत हे खरे, पण प्रत्येकावर घराचा क्रमांक मार्करने लिहिलेला असे, त्यांचा ६१७. म्हणजे पहाटे लॉबीत शिरणाऱ्याला तो अंक शोधणे शक्य होते. पुस्तकातले ‘दारातला अंक’ हे वर्णन यात ढिले पडते, पण खूण करणे अशक्य ठरत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अर्धेच आहे. तेव्हा इमारतीची मागची बाजू बंदिस्त नव्हती, गल्लीतून गाडी आत आणता येई, आजूबाजूच्या डझनावारी खिडक्यांतून बाल्कनी दिसे, परिसरात वकिलाती होत्या आणि त्यांच्यावर एफबीआयची नजर असणे शक्य होते, असे वुडवर्ड म्हणतात. पण रोज बाल्कनी कोण बघत होते हे आपल्यालाही कोडेच आहे, अशी कबुलीही तेच देतात. हाताखालच्या माणसांकडून फेल्ट रोज कुंडीची खबर घेत असतील, हे त्यांना स्वतःलाच अशक्यप्राय वाटते.

इथे एक साधी गोष्ट कोणी फारशी विचारत नाही. समजा, टेहळणीची ती यंत्रणा होती असे धरून चालू. ती फेल्ट यांच्या हुद्द्यामुळे होती. जून १९७३ नंतर हुद्दा गेला. मग नोव्हेंबरमध्ये कुंडी सरकवल्यावर ती पाहिली कोणी? व्हर्जिनियातल्या आपल्या घरून निघून, नदी ओलांडून, वुडवर्ड यांच्या इमारतीजवळ पी स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ रोज चक्कर मारत होते, असे मानावे लागते. किंवा ती भेट दुसऱ्याच एखाद्या पद्धतीने, साध्या फोनने, ठरली असे मानावे लागते. किंवा त्या ओळीतला माणूसच वेगळा. आर्लिंग्टन काउंटीने गॅरेजबाहेर लावलेल्या पाटीवर ‘ऑक्टोबर १९७२ ते नोव्हेंबर १९७३ या काळात सहा भेटी’ असे कोरलेले आहे आणि त्याच पाटीवर फेल्ट यांची ओळख एफबीआयचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी अशी आहे. शेवटच्या भेटीच्या वेळी ते त्या पदावर नव्हते. पाटी करणाऱ्यांनी तारखा जुळवून पाहिल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

कुंडी आणि गॅरेज यांवर बाहेरच्यांनीच शंका घेतली असेही नाही. १९९० मध्ये दिलेल्या एका मुलाखतीत खुद्द बेन ब्रॅडली यांनी मनाच्या तळाशी थोडी धाकधूक असल्याचे बोलून दाखवले होते: हे सगळे अगदी सरळ नसावे. ही मुलाखत २०१२ मध्ये ब्रॅडली यांचे चरित्रकार जेफ हिमेलमन यांच्यामुळे उजेडात आली. ब्रॅडली यांची शंका सूत्राच्या अस्तित्वाबद्दल नव्हती. नेपथ्याबद्दल होती. संपादकाला आपल्या बातमीदाराच्या वर्णनातला कुठला भाग रंगवलेला वाटतो, याला वजन असते.

आता कागदांकडे येऊ, कारण शेवटी निकाल तिथेच लागायचा आहे. वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांनी आपली वॉटरगेटची टिपणे २००३ मध्ये ५० लाख डॉलरला टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील हॅरी रॅन्सम सेंटरला विकली. सूत्रांची नावे ते सूत्र हयात असेतोवर बंद, अशी अट होती. फेल्ट यांचे नाव फुटल्यावर त्यांच्याशी संबंधित कागद खुले झाले. त्यात ९ ऑक्टोबर १९७२ सारख्या भेटींची टिपणे आहेत. सूत्राचा उल्लेख वुडवर्ड ‘माय फ्रेंड’ (माझा मित्र) असा करत; या शब्दांची आद्याक्षरे एम. एफ. येतात आणि मार्क फेल्ट यांचीही तीच, ही वुडवर्ड यांची लपवण्याची कला फारशी अभेद्य नव्हती.

पण त्याच फायलीत एक पान असे निघाले, की ज्यातला बोलणारा फेल्ट असूच शकत नव्हता. हे पकडले पॅट्रिक ग्रे यांचे पुत्र एड ग्रे यांनी. वडिलांच्या आठवणींचे पुस्तक २००८ मध्ये पुरे करताना त्यांनी टिपणे ओळीने तपासली आणि ते पान न्याय खात्यातले अधिकारी डोनाल्ड सँटारेली यांच्या मुलाखतीचे असल्याचे दाखवले. सँटारेली यांनी ते मान्य केले. विद्यापीठाच्या अभिलेखपालाने असा खुलासा केला, की पानावर सूत्राचे नाव नव्हते, ते चुकून फेल्ट यांच्या फायलीत गेले असावे. मात्र ते पान फेल्ट यांच्याशी संबंधित म्हणून वुडवर्ड यांनीच ओळखले होते, हेही त्याने सांगितले. एड ग्रे यांचा निष्कर्ष असा, की डीप थ्रोट ही अनेकांची मिळून केलेली एक व्यक्तिरेखा आहे.

या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. एड ग्रे यांचे वडील या प्रकरणात होरपळले, त्यांचा राग समजण्याजोगा आहे. पण एका चुकीच्या पानावरून सगळी फाइल खोटी ठरत नाही. आणि चूक घडायची पद्धत काय असते तेही लक्षात घ्यावे. बातमीदार घाईत टिपण करतो, सूत्राचे नाव सुरक्षिततेसाठी लिहीत नाही, फार तर ‘एक्स’ लिहितो. तीस वर्षांनी खोके उघडल्यावर ‘एक्स’ कोण हे हस्ताक्षरावरून कळत नाही, कारण हस्ताक्षर बातमीदाराचेच असते. मग आठवणीवरून लेबल लागते. ज्या सूत्राची कीर्ती मोठी, त्याच्या फायलीत अनाथ पाने सरकतात. कोणी लबाडी न करताही डीप थ्रोटचे माप असे फुगत जाते.

‘डीप थ्रोट हा निव्वळ बनाव’ हा याहून टोकाचा दावा पुस्तकाचे त्या वेळचे एजंट डेव्हिड ऑब्स्ट यांनी केला होता: सुरुवातीच्या मसुद्यात हे पात्र नव्हते, खप वाढावा म्हणून ते घातले. हा दावा आता टिकत नाही. पोस्टचे व्यवस्थापकीय संपादक हॉवर्ड सायमन्स यांनी हे टोपणनाव पुस्तक निघण्याच्या आधीच, वृत्तदालनात दिले होते. ‘डीप बॅकग्राउंड’ म्हणजे माहिती वापरायची पण सूत्राचा नामोल्लेख सोडाच, त्याचे वाक्यही छापायचे नाही, हा प्रघात आणि त्या काळी गाजत असलेल्या एका अश्लील चित्रपटाचे नाव, यांची ही कोटी. तरी ऑब्स्ट यांच्या म्हणण्यात एक कण उरतो. ज्याचे एक वाक्यही छापायचे नाही असे ठरले होते, त्याचे पुस्तकात पानेच्या पाने संवाद आले, तेही अवतरणचिन्हांत. अशा संवादांची किती वाक्ये टिपणातली आणि किती लिहिताना आठवलेली, हे ऑस्टिनच्या खोक्यांशी एकेक वाक्य ताडून पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये.

तीस वर्षे इतके हुशार लोक चुकले कसे, याचेही कारण याच संवादांत आहे. पुस्तकाने सूत्राचे वर्णन केले ते व्हाइट हाउस आणि निक्सन यांची प्रचार समिती या दोन्हीकडची माहिती असलेला प्रशासनातला माणूस, असे. वाचणाऱ्याने डोळ्यांसमोर व्हाइट हाउस आणले आणि एफबीआय बाजूला पडले. इलिनॉय विद्यापीठात पुलित्झरविजेते विल्यम गेन्स यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे कागद चाळून २००३ मध्ये व्हाइट हाउसमधले वकील फ्रेड फील्डिंग यांचे नाव जाहीर केले. निक्सन यांचे वकील लिओनार्ड गार्मेंट यांनी २००० मध्ये निक्सन यांचे एकेकाळचे सहायक जॉन सिअर्स यांच्यावर बोट ठेवले. हॉल्डमन यांच्यानंतर चीफ ऑफ स्टाफ झालेले अलेक्झांडर हेग यांचे नाव तर कितीदा आले याची गणती नाही. या सर्वांनी पुस्तकातल्या एकूण एक विधानाला बसणारा एकच माणूस शोधला. त्या विधानांतली काही एकाच माणसाची नसतील किंवा सैल असतील, तर असा शोध हटकून चुकीच्या दाराशी नेतो.

ज्यांचा नेम बरोबर लागला त्यांनी उलटी वाट धरली होती. ‘वॉशिंग्टोनियन’चे संपादक जॅक लिंपर्ट यांनी १९७४ मध्येच फेल्ट यांच्याकडे बोट दाखवले. पोस्टमध्ये वुडवर्ड यांचे सहकारी राहिलेले जेम्स मॅन यांनी १९९२ मध्ये ‘अटलांटिक’मध्ये लिहिले, की सूत्र एफबीआयमधलेच असावे, कारण हूवर यांच्या मृत्यूनंतर व्हाइट हाउसशी भांडण त्या संस्थेचे होते. दोघांनीही पात्राच्या वर्णनात न अडकता ‘कोणाची संस्था धोक्यात होती’ एवढेच विचारले.

फेल्ट यांची स्वतःची साक्ष यात जवळजवळ निरुपयोगी आहे, हे कटू असले तरी खरे आहे. १९७९ च्या आत्मचरित्रात त्यांनी साफ नकार दिला. १९९९ मध्येही नकारच, वर ‘मी असतो तर याहून चांगले काम केले असते’ अशी पुस्ती. डाव्या अतिरेक्यांच्या नातेवाइकांच्या घरांत बेकायदा शिरण्याचे आदेश दिल्याबद्दल १९८० मध्ये त्यांना दोषी ठरवून ५,००० डॉलर दंड झाला आणि १९८१ मध्ये रेगन यांनी माफी दिली. त्या खटल्यात त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आले, तर रिचर्ड निक्सन! २००५ मध्ये ते ९१ वर्षांचे होते, स्मृती बरीच गेलेली होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये टेपबद्दल तुम्हाला कोणी सांगितले, हा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता आणि तो विचारण्याची वेळ टळून गेली होती. डिसेंबर २००८ मध्ये ते वारले. बर्नस्टीन यांची त्यांच्याशी पहिली प्रत्यक्ष भेट त्याच वर्षातली, मृत्यूच्या काही आठवडे आधीची. म्हणजे गॅरेजमधल्या प्रत्येक गोष्टीला जिवंत साक्षीदार एकच, वुडवर्ड.

या एका सूत्रावर वॉटरगेटची बातमीदारी उभी होती, हा समजही आपल्या लेखात आहे. निक्सन यांच्या प्रचार समितीला मिळालेला, समितीसाठी निधी गोळा करणारे केनेथ डालबर्ग यांचा २५,००० डॉलरचा धनादेश चोरांपैकी एक असलेल्या बर्नार्ड बार्करच्या मायामीतल्या बँकखात्यात गेला, ही १ ऑगस्ट १९७२ ची बातमी खरी कलाटणी होती. ती मायामीत जाऊन बँकेच्या नोंदी पाहण्यातून आणि डालबर्ग यांना थेट फोन करण्यातून आली. डीप थ्रोटचा तिच्याशी संबंध नाही. पैशांचे पुढचे तपशील समितीच्या हिशेबनीस बाई आणि खजिनदार ह्यू स्लोन यांच्याकडून मिळाले. ही बातमी रोज हाताळणारे शहर-संपादक बॅरी ससमन यांनी डीप थ्रोटचा वाटा फारसा नव्हता असेच सांगितले आहे. पैशाचा माग काढला गेला तो असा, कोणी गॅरेजमध्ये सांगण्यापूर्वी.

तेव्हा विनंती एवढीच, की दुरुस्ती छापताना फेल्ट यांचे नाव काढू नये, ते बरोबर आहे. ‘पैशाचा माग काढा’ हे वाक्य चित्रपटातले आहे असे म्हणावे. ‘शंका कायमची मिटली’ याऐवजी ‘फेल्ट हे वुडवर्ड यांचे सूत्र होते हे सिद्ध झाले, मात्र पुस्तकात डीप थ्रोटच्या नावावर असलेली सर्व माहिती, विशेषतः नोव्हेंबर १९७३ मधली, त्यांचीच होती हे सिद्ध झालेले नाही’ असे लिहावे. आणि लेखाच्या चौकटीत फेल्ट यांचे पद ‘१९७२-७४ मधील एफबीआयचे उपप्रमुख’ असे छापले आहे, तिथे १९७४ च्या जागी जून १९७३ करावे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक